चिनी शाळेत कन्फ्यूशियसचे किती आणि परीक्षेचे किती?

पाटीपेन्सिल

चीनमधल्या शाळांविषयी मराठीत काही लिहून आले की त्यात दोन विधाने हमखास असतात. तिथली मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात हे एक, आणि हे सारे कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीमुळे घडते हे दुसरे. पहिल्यात बरेच तथ्य आहे. दुसऱ्याविषयी मात्र गेली काही वर्षे मला शंका येत राहिली आहे, आणि ती नीट मांडून पाहावी म्हणून हा धागा काढत आहे. मी पुण्यात चिनी भाषा शिकवते आणि विद्यार्थिनी म्हणून एक वर्ष चीनमध्ये राहिले आहे. परंतु तिथल्या शाळेत शिकण्याचा किंवा शिकवण्याचा अनुभव मला नाही, तेव्हा ज्यांना तो आहे त्यांनी मला अवश्य दुरुस्त करावे.

शाळेचे रोजचे रूप आधी डोळ्यांसमोर आणू. वर्ग ठरलेला, खोली ठरलेली, बाक ठरलेला. तासागणिक शिक्षक बदलतात, मुले जागची हलत नाहीत. पहिल्या तासाआधी सकाळचा स्वाध्याय असतो आणि त्यात सगळा वर्ग एका सुरात मोठ्याने वाचतो, तर उच्च माध्यमिक वर्गांत संध्याकाळच्या जेवणानंतरचा स्वाध्याय रात्री नऊ-दहापर्यंत चालतो. मधल्या वेळेत ध्वनिक्षेपकावरच्या संगीताच्या तालावर कवायत होते, ती १९५१ पासूनची. डोळे मिटून भुवयांभोवती आणि कानशिलांवर बोटांनी दाब देण्याचा व्यायाम होतो, तो १९६३ पासूनचा. सोमवारी ध्वजवंदन, धाकट्या मुलांच्या गळ्यात लाल रुमाल, वर्ग झाडण्याच्या पाळ्या. या सर्वांवर देखरेख करणारा वर्गशिक्षक, ज्याला चिनी भाषेत 'बान्-जू-रन्' म्हणतात, तो बहुधा तीच मुले घेऊन वरच्या इयत्तांमध्ये जातो, आणि मुलाच्या गुणांपासून त्याच्या केसांच्या लांबीपर्यंत सारे काही त्याच्या अखत्यारीत येते.

यातले कन्फ्यूशियसचे किती? लाल रुमाल सोव्हिएत बालसंघटनेच्या नमुन्यावरचा आहे. इयत्ता, वेळापत्रक आणि घंटा यांची रचना विसाव्या शतकाच्या आरंभी प्रामुख्याने जपानकडे पाहून उचलली गेली. परंपरेचे म्हणून जे खरोखर उरते ते माझ्या मते तीन गोष्टींत आहे: कष्टाने माणूस घडतो हा विश्वास, गुरूविषयीचा आदर, आणि मुलाचा अभ्यास ही एकट्या मुलाची बाब नसून साऱ्या कुटुंबाची बाब आहे ही जाणीव.

यातला पहिला विश्वास फार खोल आहे. मनुष्यस्वभाव मुळात चांगला की वाईट, या प्रश्नावर मेन्शियस आणि शुन्-झ या कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या दोन विचारवंतांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत, परंतु शिक्षणाने आणि सरावाने माणूस बदलतो याविषयी दोघांचे दुमत नाही. तेराव्या शतकातला मानला जाणारा 'सान्-झ-जिंग' हा तीन-तीन अक्षरांच्या ओळींचा पाठ शतकानुशतके चिनी मुलांनी अर्थ कळण्याआधीच मुखोद्गत केला. त्याचा आरंभच असा आहे की जन्मतः माणसे सारखी असतात, सवयींनी एकमेकांपासून दूर जातात. पुढे त्यात अभ्यासासाठी जीव टाकणाऱ्यांची यादी येते: कुणी काजवे पिशवीत भरून त्यांच्या उजेडात वाचले, कुणी बर्फावरून परावर्तित होणाऱ्या चांदण्यात वाचले, कुणी डुलकी येऊ नये म्हणून मांडीत आर टोचून घेतली, तर कुणी केस तुळईला बांधून ठेवले. हे शेवटचे वाचताना मला हसू आले, कारण शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्याकडच्या आजोबांनीही प्रत्येक नातवाला ऐकवलेला आहे. कष्ट सोसण्याला चिनी भाषेत 'कडू खाणे' म्हणतात. आपण खस्ता खातो. दोन्ही भाषांना कष्ट ही खाण्याची गोष्ट वाटावी हे मला फार आवडते.

इथपर्यंत प्रचलित समज आणि मी एकाच वाटेवर आहोत. वाट फुटते ती कन्फ्यूशियसची वचने प्रत्यक्ष वाचू लागल्यावर. एका प्रसंगी दोन शिष्य त्याला एकच प्रश्न विचारतात की चांगली गोष्ट ऐकली की ती लगेच आचरणात आणावी काय. एकाला तो सांगतो की वडील आणि थोरले भाऊ हयात असताना असे परस्पर कसे करता येईल; दुसऱ्याला सांगतो की होय, लगेच करावी. तिसरा शिष्य गोंधळून कारण विचारतो, तेव्हा उत्तर मिळते की दुसरा मागे रेंगाळणारा आहे म्हणून त्याला पुढे ढकलले, आणि पहिल्यात दोघांचा उत्साह आहे म्हणून त्याला मागे खेचले. पन्नास मुलांच्या वर्गाला एकच प्रश्नपत्रिका आणि एकच आदर्श उत्तर देणारी पद्धत या माणसाच्या नावावर कशी टाकायची? तोच अन्यत्र म्हणतो की मी एक कोपरा दाखवला आणि शिष्याने उरलेले तीन शोधून आणले नाहीत, तर मी पुन्हा सांगत नाही. आणि पूर्वीचे लोक स्वतःसाठी शिकत, आताचे लोक दुसऱ्यांसाठी शिकतात, ही त्याची तक्रार तर अडीच हजार वर्षांची आहे.

मग ही परीक्षा आली कोठून? ती राज्यसत्तेकडून आली. सुई राजवटीत, इसवी सन ६०५ च्या सुमारास, अधिकारी निवडण्यासाठी 'ख-ज्यू' ही शासकीय परीक्षापद्धती सुरू झाली आणि १९०५ मध्ये ती रद्द झाली, म्हणजे ती सुमारे तेराशे वर्षे टिकली. चौदाव्या शतकाच्या आरंभी, मंगोल राजवटीत, कन्फ्यूशियस परंपरेतले चार ग्रंथ आणि त्यांवरचे बाराव्या शतकातल्या चू शी या विद्वानाचे भाष्य हा तिचा अधिकृत अभ्यासक्रम ठरला; पुढे मिंग आणि छिंग काळात उत्तराचा साचाही आठ भागांच्या निबंधात गोठला. ज्या विद्येचा हेतू स्वतःला घडवणे हा होता, ती नेमणुकीची पायरी झाली. नानजिंगमध्ये छिन्हुआई नदीकाठी जुने परीक्षाकेंद्र आहे आणि आता तिथे संग्रहालय आहे. ऐन भरात असताना तिथे वीस हजारांवर कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडीत दोन फळ्या असत. दिवसा एक बसायला आणि एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून झोपायला. मी त्या नमुन्याच्या कोठडीत पाच मिनिटे बसून पाहिले. उमेदवार तीन फेऱ्यांत मिळून नऊ दिवस काढत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चिनी शाळेतला कष्टावरचा विश्वास आणि गुरूविषयीचा आदर हा परंपरेचा वारसा आहे, परंतु तिथला जीवघेणा ताण हा थोड्या जागा, मोठी लोकसंख्या आणि राज्याने बसवलेली चाळणी यांचा परिणाम आहे. परंपरेचा दोष असलाच तर तो एवढाच की त्या ताणाला शोभेल अशी भाषा तिने पुरवली. आजच्या 'गाओकाओ'च्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षेच्या, गर्दीवरून हे दिसेल. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एकूण गुण ७५०, परीक्षा ७ जूनपासून, आणि एकेका गुणावर शेकडो जण अडकलेले. अशा ठिकाणी कोणताही धर्मग्रंथ नसता तरी मुलांनी रात्री जागवल्याच असत्या.

बाडदप्तर

धागा आवडला, परंतु त्यातली मुख्य विभागणी मला मान्य नाही. कन्फ्यूशियस एका बाजूला आणि परीक्षा दुसऱ्या बाजूला, असे इतिहासात झालेले दिसत नाही. परीक्षा नसती तर कन्फ्यूशियसचे ग्रंथ थोड्या घराण्यांच्या माळ्यावर राहिले असते. गावोगावच्या शेतकऱ्याने एका मुलाला नांगरापासून सोडवून पाठशाळेत घातले, ते वचनांच्या गोडीने नव्हे. त्याच्यापुढे श्यौत्साय, ज्यूरन आणि जिन्शी या परीक्षेतल्या पदव्यांच्या चढत्या पायऱ्या होत्या, आणि पहिली पायरी चढलेल्यालाही वेठबिगारीतून सूट आणि गावात मान मिळत असे. मूल्ये खेड्यापर्यंत पोहोचली ती परीक्षेच्या पाठीवर बसून. धागाकर्तीने ज्या 'सान्-झ-जिंग'चे कौतुक केले आहे, त्याची मोठी लोकप्रियता याच शिडीची पहिली पायरी म्हणून आहे.

दुसरे असे की ही पद्धत केवळ छळणारी नव्हती. न्यायाविषयी ती सतत अस्वस्थ असे. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई आणि परीक्षकाला हस्ताक्षर ओळखता येऊ नये म्हणून लेखनिकांकडून तिची नक्कल करून घेतली जाई. १३९७ च्या राजधानीतल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले सगळे उमेदवार दक्षिणेकडचे निघाले, तेव्हा उत्तरेत ओरड झाली आणि मिंग सम्राटाने परीक्षकांपैकी काहींना देहदंड देऊन केवळ उत्तरेकडच्या उमेदवारांची दुसरी यादी लावली. शिक्षा रानटी होती, पण तिच्यामागचा प्रश्न खरा होता. त्यानंतर काही दशकांत प्रदेशवार जागांचे प्रमाण ठरत गेले. आजही गाओकाओच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात. गंमत अशी की त्या काळी हे वाटप मागे पडलेल्या प्रदेशाला हात देण्यासाठी होते, तर आज त्याच पद्धतीमुळे १३ लाखांहून अधिक परीक्षार्थी असलेल्या हनान प्रांतातल्या मुलाला बेजिंगमधल्या नामवंत विद्यापीठात शिरणे बेजिंगच्या मुलापेक्षा कितीतरी कठीण जाते.

आणि एक गोष्ट आपल्याशी थेट संबंध असलेली. ब्रिटिशांनी सनदी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षा आणली, तिचा अहवाल १८५४ चा आणि भारतीय सनदी सेवेची पहिली खुली परीक्षा १८५५ ची. त्या काळच्या इंग्लंडमधल्या वादात या कल्पनेचे समर्थक आणि विरोधक दोघेही चीनचे उदाहरण देत होते. तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून बसलेला स्पर्धापरीक्षेचा उमेदवार त्या नानजिंगच्या कोठडीचा अगदीच परका नातेवाईक नाही.

कालव्याकाठची

मी सूझोउ शहरात अकरा वर्षे राहते आहे. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, आणि मुलगी पहिलीपासून स्थानिक सरकारी शाळेत. आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क आम्हाला झेपणारे नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. चिनी संस्कृतीवरचे प्रेम नंतर आले.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत शाळा जरा उंचावरून पाहिली आहे, म्हणून खालून दिसते तशी सांगते. पहिलीत प्रवेश ठरल्यावर शाळा उघडण्यापूर्वीच वर्गशिक्षिका आमच्या घरी आली. तिने मुलीची अभ्यासाची जागा पाहिली, दिव्याचा उजेड डावीकडून येतो ना हे तपासले, झोपायची वेळ विचारली आणि चहाला हातही न लावता पुढच्या घरी गेली. मी इथल्या पद्धतीप्रमाणे 'लाओश, शिन्खू ला' म्हणाले, म्हणजे 'बाई, तुम्हाला फार त्रास पडला'. हे वाक्य पुढच्या वर्षांत मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही, कारण पालकांच्या गटावर शिक्षिकेच्या प्रत्येक सूचनेखाली पंचेचाळीस पालक एकापाठोपाठ एक तेच लिहितात. सुरुवातीला मला तो लाचारपणा वाटला. पुढे ध्यानात आले की ती बाई सकाळी सातपासून मुलांबरोबर असते, दुपारचे जेवण त्यांच्याबरोबर घेते, आणि रात्री दहाला कुणाच्या तरी आईशी फोनवर श्रुतलेखनातल्या चुकांविषयी बोलत असते.

घोकंपट्टीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिच्याविषयी बाहेर फार गैरसमज आहेत. चिनी लिपी हाताने गिरवल्याशिवाय येत नाही. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत तीन हजारांच्या आसपास अक्षरे ओळखावी लागतात आणि त्यांतली बहुतेक लिहिताही यावी लागतात. त्यामुळे पाठांतराची सवय लिपीनेच लावलेली आहे, कन्फ्यूशियस असो वा नसो. परंतु गणिताचा तास मी पालकांच्या खुल्या दिवशी पाहिला आणि तो अजिबात घोकंपट्टीचा नव्हता. चाळीस मिनिटांत एकच उदाहरण होते, मात्र त्याची सहा-सात रूपे होती: आकडे बदलले, मग आकृती उलटी केली, मग दिलेली गोष्ट काढून घेतली आणि उत्तर देऊन प्रश्न विचारला. चुकलेल्या मुलाला फळ्यापाशी बोलावले, आणि त्याची चूक कुठे झाली हे वर्गाने शोधले. तो मुलगा रडला नाही. आपण चुकलो म्हणजे आपल्याला डोके नाही असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. अजून सराव व्हायचा आहे, एवढेच सर्वांनी गृहीत धरले होते. धागाकर्ती ज्याला कष्टावरचा विश्वास म्हणतात, तो मी तिथे पाहिला.

आणि त्याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. कष्टाने सर्व काही साधते असे मानले की न साधणाऱ्याच्या वाट्याला फक्त दोष उरतो. मुलीच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याला अक्षरे उलटी दिसत. आपण ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो तीच असावी. त्याला कोणी चिडवत नसे, परंतु तीन वर्षे त्याच्यावर एकच औषध चालले, आणि ते म्हणजे आणखी गिरवणे.

फळापुसणी

मी पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालो. कालव्याकाठच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक प्रश्न आहे. अशा रीतीने गणित शिकवायला शिक्षकाला तयारी करावी लागते आणि तयारीला वेळ लागतो. जनगणना, निवडणुका आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून मला तो कधी मिळाला नाही. त्यांना तो कसा मिळतो? आणि छडीचे काय? ज्या परंपरेत गुरूला एवढा मान आहे, तिथे छडीलाही मान असणारच.

कालव्याकाठची

सर, इथे प्राथमिक शाळेतसुद्धा गणिताचा शिक्षक गणितच शिकवतो. त्याचे दिवसाला दोन-तीनच तास असतात. उरलेल्या वेळात वह्या तपासणे आणि त्या त्या विषयाच्या शिक्षकांची एकत्र बैठक. एका विषयाचे सर्व शिक्षक एका खोलीत बसतात, एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसून टिपणे घेतात आणि नंतर स्पष्टपणे चुका सांगतात. नवा शिक्षक जुन्याच्या हाताखाली दिला जातो आणि त्या नात्याला 'गुरु-शिष्य' असाच शब्द आहे. शांघायच्या गणिताच्या शिक्षकांना २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांमध्ये बोलावले गेले, ते याच पद्धतीसाठी. मात्र वर्गांचा आकार मोठा असतो. तास कमी आणि मुले जास्त, असा तो हिशेब आहे.

छडीबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. 'सान्-झ-जिंग'मध्येच ओळ आहे की मुलाला पोसले पण शिकवले नाही तर दोष बापाचा, आणि शिकवले पण कठोरपणे नाही तर तो गुरूचा आळस. कायद्याने मारहाणीला पूर्वीपासून मनाई आहे. मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी वर्गात उभे करण्याची शिक्षासुद्धा एका तासिकेपुरती मर्यादित केली. माझ्या मुलीच्या शाळेत मी मारलेले पाहिले नाही. शेजारच्या आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी वेगळे होते, आणि त्यांच्या तरुणपणी तर विद्यार्थ्यांनीच शिक्षकांना मारले. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

पाटीपेन्सिल

आजींचे ते वाक्य वाचून मला माझ्याच लेखातली मोठी फट दिसली. मी १९०५ नंतर थेट आजच्या गाओकाओवर उडी मारली होती, जणू मधली शंभरावर वर्षे शाळेला सुट्टीच होती.

मध्यंतरी परंपरेवर एकामागून एक घाव पडले. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री त्साय युआन्-पेय यांनी प्राथमिक शाळांतून प्राचीन ग्रंथांचे पठण काढून टाकले. १९१९ च्या चळवळीतल्या तरुणांनी कन्फ्यूशियसचे दुकान पाडण्याची भाषा केली. त्याच वर्षी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई चीनमध्ये आले आणि दोन वर्षे व्याख्याने देत फिरले; त्यांचे शिष्य थाओ शिंग-ज यांनी 'शिक्षण हेच जीवन' हे गुरूचे सूत्र उलटे करून 'जीवन हेच शिक्षण' असे म्हटले आणि १९२७ मध्ये नानजिंगजवळ खेड्यातल्या शिक्षकांसाठी शाळा काढली. चिनी शिक्षणात मुलाला मोकळे सोडू पाहणारा प्रवाह आहे आणि तो बाहेरून कालपरवा आलेला नाही, हे सहसा सांगितले जात नाही. त्यानंतर १९६६ ते १९७६ ची सांस्कृतिक क्रांती. त्या दशकात गाओकाओ बंद होती, शिक्षकांना 'दुर्गंधीयुक्त नववे' म्हणून वर्गशत्रूंच्या यादीत बसवले गेले, आणि छ्यूफू इथल्या कन्फ्यूशियसच्या मंदिराची व समाधीची विद्यार्थ्यांनी मोडतोड केली. गुरूविषयीचा आदर ही जर रक्तात भिनलेली गोष्ट असती, तर ती एका उन्हाळ्यात अशी उतरली नसती.

मग ती परत कशी आली? १९७७ च्या हिवाळ्यात गाओकाओ पुन्हा घेण्यात आली. खेड्यांत पाठवलेले, कारखान्यांत लागलेले, लग्न होऊन मुले झालेले असे सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांतून २ लाख ७० हजारांच्या आसपास निवडले गेले. प्रश्नपत्रिकांना कागद पुरेना, तेव्हा माओंच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडासाठी राखलेला कागद वापरला गेला. शिक्षकदिन त्यानंतर आठ वर्षांनी, १० सप्टेंबर १९८५ ला सुरू झाला. शालेय पाठ्यपुस्तकांतली प्राचीन कवितांची संख्या वाढली ती आणखी कितीतरी नंतर. म्हणजे आधी परीक्षा परत आली आणि तिच्या मागोमाग आदर परत आला. बाडदप्तर यांनी जे तेराशे वर्षांबद्दल म्हटले, ते या पन्नास वर्षांनाही लागू पडते, आणि तेवढ्यापुरती माझी विभागणी मी मागे घेते. ताणाचे मूळ जागांच्या टंचाईत आहे, हे मात्र अजून माझे मत आहे.

बाडदप्तर

मग माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारे एक उदाहरण मी देतो. युन्नान प्रांतात, लीज्यांगच्या डोंगराळ भागात, ह्वाफिंग इथे चांग ग्वेइ-मेइ या शिक्षिकेच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये मुलींसाठी विनाशुल्क सरकारी उच्च माध्यमिक शाळा सुरू झाली. तिथला दिनक्रम पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा, जेवणाला मोजकी मिनिटे, आणि बाई हातात ध्वनिवर्धक घेऊन मुलींच्या मागे. या दिनक्रमावर टीका होते आणि ती अकारण नाही. परंतु त्या मुली आल्या त्या घरांत भावाला शिकवायचे आणि बहिणीला उजवून टाकायचे, हीच परंपरा होती; विद्या-बुद्धी नसणे हाच स्त्रीचा गुण, असे एक जुने वचनही तिच्या दिमतीला होते. त्या शाळेतून दोन हजारांवर मुली विद्यापीठात गेल्या. तिथे परीक्षेची घाणी परंपरेची पाठराखण करत नाही. ती परंपरेच्या तावडीतून मुलीला सोडवते.

कालव्याकाठची

टंचाईच्या मुद्द्यावर शेवटचे लिहिते. जुलै २०२१ मध्ये सरकारने 'दुहेरी कपात' जाहीर केली: शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद, शनिवार-रविवार आणि सुट्टीतले वर्ग बंद, पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला तासाभराचा. माझी मुलगी त्या वर्षी तिसरीत गेली. आमच्या चौकातल्या तीन मजली क्लासची पाटी ऑक्टोबरपर्यंत उतरली. गृहपाठ खरोखर कमी झाला आणि मुले संध्याकाळी खाली खेळू लागली. पण वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे एक 'मावशी' कामाला येऊ लागली, जी स्वयंपाक करत नसे आणि भूमिती उत्तम शिकवत असे. नववीनंतरची 'जोंगकाओ' ही प्रवेशपरीक्षा जशीच्या तशी होती, तिच्यात बऱ्याच मुलांना साधारण उच्च माध्यमिक शाळा मिळत नाही, आणि ती व्यवसाय शिक्षणाकडे जातात. तेव्हा धागाकर्तीच्या मताला माझा दुजोरा आहे. मेन्शियसच्या आईने चांगल्या शेजारासाठी तीनदा घर बदलले ही गोष्ट इथे प्रत्येक मुलाला शिकवतात. चांगल्या शाळेच्या हद्दीतल्या घरांचे आजचे भाव पाहता तिला एकदाही बदलता आले नसते.

मुलीची बाकावरची सोबतीण हनानची होती. तिचे आईवडील इथे कारखान्यात, रहिवासाची सरकारी नोंदणी गावाकडची. इथे परीक्षेला बसण्यासाठी जी कागदपत्रे लागतात ती त्यांची पुरी होत नव्हती, म्हणून पाचवी संपल्यावर, त्या जुलैत, तिला आजीआजोबांकडे पाठवले. तिथला अभ्यासक्रम आणि तिथली परीक्षा यांची सवय लवकर लागलेली बरी, असा त्यामागे हिशेब होता. आमच्यापुढे असा प्रश्न नाही, कारण मुलीची जोंगकाओ येण्यापूर्वीच आम्ही नाशिकला परतणार आहोत, आणि या धाग्यावर मी शाळेविषयी जे चांगले लिहिले आहे ते चाळणीच्या अलीकडून लिहिले आहे हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वर्गशिक्षिकेने त्या मुलीच्या आईला पालकांच्या गटातून काढले नाही. सहावी संपेपर्यंत ती प्रत्येक चाचणीची प्रश्नपत्रिका हनानला पाठवत राहिली, सोडवून आलेले कागद रात्री तपासत राहिली, आणि खाली एकट्या त्या आईचे उत्तर येई: 'लाओश, शिन्खू ला.'